सूचना क्रमांक नऊ

गोडदेव, भाईंदर पूर्व
९ डिसेंबर २०२५

प्रिय मंदाआत्या,

तुझ्या अटीप्रमाणे हाताने लिहितेय, आता फोटो काढून तुझ्या टॅबवर पाठवीन. तुझे कान गेल्यापासून फोनवर भांडायची सोय राहिली नाही, आणि आज मला कुणाशी तरी कडकडून भांडायचंय. निहारशी भांडून झालं. नवरोबांनी ‘हं’ म्हटलं आणि लॅपटॉप उघडला.

सलोनीच्या शाळेने काल सर्क्युलर पाठवलं, ‘हिवाळी सुट्टीपूर्वीच्या महत्त्वाच्या सूचना’. चौदा सूचना आहेत. पहिली, थंडीमुळे मुलांनी मरून रंगाचा स्वेटर घालूनच यावं, इतर रंग चालणार नाही. आत्या, मी पंखा लावून हे पत्र लिहितेय. चौथी, नाताळच्या पार्टीला वेफर्स नकोत, ‘पौष्टिक’ खाऊ द्या. सातवी, कुणा वडिलांना सांताक्लॉज व्हायची हौस असेल तर दाढी स्वतःची आणावी. आठवी, हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात एकतीस डबे आणि एक डाव्या पायाचा बूट पडून आहे, चोवीस तारखेपर्यंत नेला नाही तर देऊन टाकू. एका डाव्या बुटाचं कोण काय करणार आहे कोण जाणे. आणि मग नववी. जशीच्या तशी उतरवते.

‘सुरक्षेच्या कारणास्तव सपोर्ट स्टाफमधील हौसाबाई यांची सेवा ३१ डिसेंबर रोजी समाप्त करण्यात येत आहे. जानेवारीपासून एजन्सीचे प्रशिक्षित कर्मचारी येतील. पालकांनी निरोपाच्या भेटवस्तू आणू नयेत.’

दहावी सूचना पाण्याच्या बाटलीवर नाव लिहिण्याची. म्हणजे बाई कुठे टाकलीन, तर डाव्या बुटाच्या आणि पाण्याच्या बाटलीच्या मधे! वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

हौसाबाई कोण ते तुला पूर्वी लिहिलंय, पण पुन्हा लिहिते. शाळेतल्या मावशी. एकोणीस वर्षं या शाळेत आहेत. मुर्ध्याहून बस पकडून येतात, स्टेशनचा पूल उतरतात आणि सव्वासातला गेटवर उभ्या असतात. मनगटावर दहाबारा रबरबँड, कारण दुसरीपर्यंतच्या निम्म्या मुली वेण्या सुटलेल्या अवस्थेत शाळेत पोहोचतात. सलोनी बालवाडीत असताना एकदा वर्गात तिची चड्डी ओली झाली. हौसाबाईंनी बाक पुसला आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, "माज्याच हातातनं पानी सांडलं गं बायांनो." मग तिला मागे नेऊन आपल्या गाठोड्यातली कोरडी चड्डी घातली. हे मला त्यांनी कधीच सांगितलं नाही, सलोनीने दोन वर्षांनी सांगितलं. गेल्याच आठवड्यात गेटवर मला थांबवून म्हणाल्या, "पोरगी डबा खात न्हाय. दात हालतंय तिचा. मऊ काय तरी देत जा."

ही बाई कुणाच्या सुरक्षेला धोका आहे गं? आणि ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ एवढंच लिहिलं की सहाशे घरांत लोक वाटेल ते बोलायला मोकळे. ग्रुपवर कालपासून सुरू आहे: चोरी केली असेल, मुलांना मारलं असेल. मी गप्प बसणार नाही. शुक्रवारी आम्ही पाच आया प्रिन्सिपलना भेटायला जातोय. तू छत्तीस वर्षं शाळा चालवलीस, सांग काय विचारू.

तुझी,
समिधा

*

देवरुख
१० डिसेंबर

चि. समिधा,

पत्र पोहोचलं. तीन ठिकाणी पेन कागदातून आरपार गेलंय, त्यावरून राग खरा आहे हे कळलं. ‘टाकलीन’ हे माझ्या भावाकडून उचललेलं दिसतंय, भाईंदरला राहून कोकण सुटलं नाही याचं बरं वाटलं.

आता कामाचं. ‘सेवा समाप्त’ हे शब्द मी आयुष्यात दोनदा लिहिले, आणि दोन्ही वेळा माझ्या समोर एक कागद होता. शाळेत माणसाला नुसतं मनात आलं म्हणून काढता येत नाही. आधी कागद लागतो. कुणीतरी कधीतरी काहीतरी लिहून दिलेलं असणार आणि ते फाइलला लागलेलं असणार. त्यामुळे आरडाओरडा करू नकोस. शांतपणे एवढंच विचार, की कुठला कागद, कुठल्या तारखेचा, आणि त्यावर हौसाबाईंचं म्हणणं घेतलं होतं का. बाकीच्या आया रडतील, रडू देत. तू लिहून घे.

आणि एक सांगते. पालकांच्या सूचनापत्रात शिपायाचं नाव घालून त्याला काढायचं, हे मी कुठल्याही हेडमास्तरला करू दिलं नसतं. माझ्याकडे द्रौपदी होती, सत्तावीस वर्षं. ती निवृत्त झाली तेव्हा मी स्वतः घंटा वाजवली, शाळा लवकर सोडली. ही तुमची प्रिन्सिपल कोण आहे तिला मी ओळखत नाही, पण तिच्याकडे पाहून घ्यायला मला आवडलं असतं.

सलोनीचा दात पडला का?

आत्या

*

गोडदेव
१३ डिसेंबर

प्रिय आत्या,

दात पडला. बाकी सगळं बिघडलंय.

काल आम्ही पाचजणी गेलो. माझ्याबरोबर हिना होती, खालच्या मजल्यावरची, तिचा मुलगा सलोनीच्याच वर्गात आहे. प्रिन्सिपल संपदा मॅडमनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, फार गोड बोलल्या. मी तुझे तिन्ही प्रश्न विचारले. त्या म्हणाल्या, कागद आहे. फाइल उघडली, पण आमच्याकडे वळवली नाही. एका पालकांची लेखी तक्रार आहे, जुलैमधली. नाव सांगता येणार नाही. मग त्यांनी चष्मा लावून एकच ओळ वाचली: "शाळेच्या कर्मचारी हौसाबाई यांनी माझ्या लहान मुलीला एका अनोळखी इसमाच्या ताब्यात दिले."

हिना पुटपुटली, "अरे बाप रे." मॅडम म्हणाल्या, "आता सांगा, तुमच्या मुलीच्या बाबतीत असं झालं असतं तर?" जिना उतरता उतरता दोघींनी, हौसाबाईंना काढू नका म्हणून आम्ही केलेल्या अर्जावरच्या आपल्या सह्या खोडून टाकल्या. एक तर म्हणाली, "देखा, मैं बोली थी ना, इन लोगों का भरोसा नहीं." मी तिला तिथेच विचारलं, इन लोगों का म्हणजे कुणाचं? तुझा मुलगा तापाने फणफणला होता तेव्हा तुझी मीटिंग संपेपर्यंत मांडीवर घेऊन कोण बसलं होतं? तर म्हणे, तू पर्सनल होतेयस.

मी होतेच आहे पर्सनल. माझा यावर विश्वासच नाही. हौसाबाई गेटवर अशा उभ्या असतात की काका आले, मामा आले तरी मुलाला विचारतात, "वळखतंस का यांना?" मूल हो म्हणेपर्यंत हात सोडत नाहीत. ही तक्रार सरळ सरळ खोटी आहे. कुठल्या तरी बाईने घरचा राग शाळेवर काढलाय. मी संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, ‘ज्या कुणी जुलैमध्ये ही तक्रार केली असेल तिने समोर यावं. थोडी लाज शिल्लक असेल तर.’ चारशे लोकांनी वाचलं. एकीचंही उत्तर नाही. भेकड.

आज शाळा सुटताना मी हौसाबाईंना गाठलं. म्हटलं, "तुम्ही काळजी करू नका. ज्या बाईने हे लिहिलं तिला मी शोधून काढणार, सोडणार नाही." त्या सलोनीची वेणी घालत होत्या. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग रबर लावून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई." एवढंच. किती सोसायचं एखाद्याने? मला रडू आलं.

मॅडमनी एक कबूल केलं, बोलण्याच्या ओघात. एजन्सीशी बोलणी जूनपासूनच चालू होती. म्हणजे यांना आधीच काढायचं होतं, कारण तेवढं हवं होतं आणि त्या सटवीने ते आयतं हातात दिलं.

समिधा

*

देवरुख
१४ डिसेंबर

समिधा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग टॅबमधली तुझी जुनी पत्रं उघडली. १७ जुलैचं पत्र आहे. तू लिहिलं होतंस, ‘आज निहारचे बाबा ठाण्याहून न सांगता आले आणि परस्पर सलोनीला शाळेतून घेऊन गेले. मी गेटवर पोहोचले तर मुलगी नाही. बाबांचा फोन बंद. पस्तीस मिनिटं मी गोडदेव नाक्यावर वेड्यासारखी फिरत होते, आणि ही दोघं बागेत बसून जिलबी खात होती. शाळेने नेणाऱ्याचं ओळखकार्ड न बघता मुलगी दिलीच कशी?’

त्यावर मी काय उत्तर दिलं तेही इथे आहे. ‘तोंडी बोलू नकोस. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. लेखी दे, तारीख घाल, पोच घे.’

तर आता मला नीट सांग. दिलीस का लेखी? दिली असशील, तर त्यात तुझ्या सासऱ्यांचा उल्लेख कोणत्या शब्दांत केलास?

आत्या

*

गोडदेव
१७ डिसेंबर

आत्या,

तीन दिवस पेन उचललं नाही.

दिली होती. पोचही घेतली होती, तुझ्या सांगण्याप्रमाणे. ती कपाटात सापडली. अडीच पानं आहेत. काय भाषा आहे गं माझी! ‘अक्षम्य’ हा शब्द चार वेळा आलाय. आणि दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला, माझ्याच अक्षरात, ‘एका अनोळखी इसमाच्या ताब्यात’.

तू म्हणशील, मॅडमनी ओळ वाचली तेव्हा कशी ओळखली नाहीस? शपथेवर सांगते, नाही ओळखली. माझ्या डोक्यात तो दिवस म्हणजे ‘बाबा सलोनीला घेऊन गेले तो दिवस’. त्यात अनोळखी माणूस कुणी नव्हताच. तो फक्त कागदावर होता. आणि सहीवाली बाई समोरच बसलीय हे मॅडमनाही कळलं नसावं, सहाशे आयांत त्या कुणाकुणाला ओळखणार.

का लिहिलं तेही सांगते. जूनमध्ये बाबांची आणि माझी खडाजंगी झाली होती, तुला माहीत आहे. सलोनीच्या अभ्यासावरून. ते रागारागाने मोठ्या दिरांकडे ठाण्याला राहायला गेले. त्यानंतर आमचं बोलणं नव्हतं, म्हणूनच ते न सांगता आले. मी तक्रारीत आधी ‘माझे सासरे’ असंच लिहिलं होतं. निहार म्हणाला, बाबांचं नाव शाळेच्या फाइलमध्ये नको, बरं दिसत नाही. मलाही वाटलं, घरची धुणी शाळेत कशाला? शिवाय सासऱ्यांनी नेलं असं लिहिलं तर मॅडम हसून सोडून देतील. म्हणून खोडलं आणि ‘इसम’ केलं. मला वाटलं, शाळेला जरा हादरा बसेल, कार्डं तपासतील. त्या वाक्यात हौसाबाईंचं नाव मी घातलं, पण खरं सांगू? तेव्हा त्या माझ्या डोळ्यांसमोर नव्हत्याच. डोळ्यांसमोर बाबा होते.

आणि शनिवारी मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, त्या बाईला सोडणार नाही.

मी काय करू? ग्रुपवरची माझी ती पोस्ट अजून तशीच आहे. खाली नव्याण्णव अंगठे आहेत.

समिधा

*

देवरुख
१८ डिसेंबर

समिधा,

मी रागावलेय. तुझ्यावर, तुझ्या नवऱ्यावर आणि माझ्यावर. मी तुला लेखी द्यायला शिकवलं, खरं लिहायला वेगळं शिकवावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. घरातल्या पुरुषाची इज्जत झाकायला तुम्ही दोघांनी एका कष्टकरी बाईची इज्जत उघड्यावर टाकलीत, आणि वर तिच्यासाठी सह्या गोळा करत फिरतेयस.

त्या संपदा मॅडमनाही मी सोडत नाही. पाच महिने कागद दाबून ठेवायचा आणि सोयीच्या वेळी काढायचा, याला शाळा चालवणं म्हणत नाहीत. पण त्यांच्यावर नंतर रागावू. आधी तुझा कागद.

‘मी काय करू’ असं मला विचारू नकोस. तुला कळतंय. रविवारी मुर्ध्याला जा. शाळेच्या गेटवर नको, तिथे ती नोकर आहे, तुला काही बोलू शकणार नाही. तिच्या दारात जा, म्हणजे ती हवं ते बोलू शकेल. तिला काय हवंय ते विचार, तू काय द्यायचं ते तू ठरवू नकोस. आणि सासऱ्यांना फोन कर.

आत्या

*

गोडदेव
२२ डिसेंबर

प्रिय आत्या,

गेले होते. तू सांगितल्याप्रमाणे केलं आणि तरी मी पुन्हा चूक केली.

मुर्ध्याला बसमधून उतरून विचारत विचारत गेले. गल्लीच्या तोंडाशी नवीन इमारतीचा पाया खणलाय, त्याला वळसा घालून आत त्यांचं घर. हौसाबाई ओट्यावर कोळंबी सोलत होत्या. सून स्वप्नाली शेजारी बसलेली, बाहेर दोन शेजारणी. मला बघून हौसाबाई उठल्या नाहीत. मी उभ्या उभ्याच सुरू केलं. वाटेत पाठ केलं होतं ना, थांबले तर जमणार नाही असं वाटत होतं. म्हटलं, हौसाबाई, ती तक्रार मी लिहिली होती. अनोळखी माणूस वगैरे सगळं खोटं होतं, ते माझे सासरे होते. तुम्हाला माझ्यामुळे काढतायत.

स्वप्नालीचे हात थांबले. ती म्हणाली, "कसली तक्रार? आई, तुमी तर बोललाव वय झालं म्हनून शाळंनं थांबवलं."

आत्या, त्यांनी घरात सांगितलंच नव्हतं. पाच महिन्यांपासून एकटीच्या पोटात ठेवलं होतं. कुणाची तरी मुलगी परक्या पुरुषाच्या हाती दिली, असं गावात कसं सांगणार? ते मी येऊन ओट्यावर, शेजारणींसमोर, घडाघडा बोलून टाकलं. मन माझं हलकं करायचं होतं, दुसरं काय!

मग हौसाबाई उठल्या. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. "मना म्हाईत हाय कुनी लिवलं ते! जुलैतच म्हाईत हाय. मॅडमनी कागूद वाचून दाखवला, खाली सही घेतली माजी. मी बोलली, तो आजा हाय तिचा, बालवाडीला दोन वर्सं रोज न्यायला येत व्हता, पोर पळत गेली त्याच्याकडं. मॅडम बोलल्या, आईच लिवून देतेय अनोळखी, आता तुजं ऐकू का आईचं ऐकू?"

मी म्हटलं, "मग तुम्ही मला का नाही बोललात? रोज भेटत होतो आपण."

"मी कशाला बोलू? तुमाला म्हाईत न्हवतं का तुमचा सासरा कोन ते? तुमी घाबरलाव, मना समजतं. माजं पोर न्हाय दिसलं तं मी पन गाव डोक्यावर घेतलं असतं. पन घाबरलेलं मानूस बोंबलतं बाई. बसून अडीच पानं लिवत न्हाय."

मला वाटत होतं मी सांगणार आणि त्या ऐकणार, पण त्यांनी ते सगळं आधीच मनात साठवून ठेवलं होतं. पाच महिने सलोनीच्या वेण्या घालता घालता. सलोनीला मात्र त्यांनी कधी कमी केलं नाही, हे मला जास्त लागलं.

मी विचारलं, तुम्हाला काय हवंय? नोकरी परत मिळावी म्हणून मी जिवाचं रान करीन. तर म्हणाल्या, "त्या शाळंत मना पाय ठेवायचा न्हाय. थूः." खारी गावातल्या एका शाळेत मावशी हवी आहे, एक तारखेपासून. तिथल्या बाईंनी विचारलं, आधीची शाळा का सोडली, दाखला आणा. हौसाबाई परत गेल्याच नाहीत. कुठल्या तोंडाने दाखला मागणार? फाइलला तो कागद आहे. तर त्यांना हवंय ते एवढंच, की शाळेने शिक्क्यानिशी लिहून द्यावं की तक्रार खोटी होती आणि यांची वागणूक चांगली होती. आमची शाळा चोवीसला सुटते ती पाच जानेवारीपर्यंत. म्हणजे माझ्या हातात उद्याचा आणि परवाचा दिवस.

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अनोळखी इसम?" आणि फोन ठेवला.

समिधा

*

देवरुख
२२ डिसेंबर

समिधा,

पाया पडायला गेलीस आणि पाय तुडवून आलीस. असो. बाई खंबीर आहे, मला आवडली.

उद्या मॅडम ‘सुट्टीनंतर बघू’ म्हणतील. मीही म्हणायचे, फार सोयीचं वाक्य आहे. ते ऐकून उठू नकोस. आणि तक्रार मागे घेतेयस असं लिहू नकोस. मागे घेतलेली तक्रार खरीही असू शकते. ‘खोटी होती’ असं लिही, खाली पूर्ण नाव घाल. सासरे येतायत का?

आत्या

*

गोडदेव
२४ डिसेंबर

प्रिय आत्या,

बाबा आले. काल सकाळी साडेसातला, इस्त्रीचा सदरा घालून, शाळेच्या गेटवर. माझ्याकडे बघितलंही नाही. आम्ही तिघं आत गेलो, निहारही आला, त्याला मी यायलाच लावलं.

संपदा मॅडम म्हणाल्या, आपण कोण? बाबा खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "मी हरिश्चंद्र, सलोनीचा आजोबा. तुमच्या फाइलमधला अनोळखी इसम. बालवाडीची दोन वर्षं रोज साडेबाराला मी या गेटवर उभा होतो. तुमच्या हौसाबाईंनी मला ओळखलं. माझ्या सुनेने ओळखलं नाही." मी खाली मान घातली. निहार काहीतरी सारवासारव करायला गेला तर बाबा त्याला म्हणाले, "तू गप. इसम हा शब्द तुझा आहे, मला कळलंय."

मी कागद पुढे केला, तू सांगितलंस तसा. ‘खोटी होती’, पूर्ण नाव, तारीख. मॅडमनी वाचला आणि म्हणाल्या, ठीक आहे, फाइलला लावते, दाखल्याचं सुट्टीनंतर बघू. आत्या, तू म्हणाली होतीस तेच शब्द! मला हसू आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली, दोन्ही एकदम. म्हटलं, मॅडम, खोटं मी लिहिलं, त्याची शिक्षा द्या, सलोनीचं नाव काढा, काय हवं ते करा. पण माझ्या घरी एक फोन केला असतात तर पाच मिनिटांत कळलं असतं. तुम्ही फोन केला नाहीत, कारण तुम्हाला कळून घ्यायचंच नव्हतं. त्या म्हणाल्या, आज पार्टी आहे, नंतर बोलू. बाहेर मुलं ‘जिंगल बेल्स’ गात होती आणि कुणाचे तरी बाबा कापसाची दाढी सावरत उभे होते. आम्ही उठलो नाही. उलट बाबाही आता खुर्चीवर बसले.

त्याआधी मी ग्रुपवर लिहिलं होतं. जुनी पोस्ट काढली नाही. तिच्याच खाली लिहिलं, ‘ती तक्रार मी केली होती. ती खोटी होती. मुलीला नेणारे तिचे आजोबा होते. हौसाबाईंचा काही दोष नाही.’ तासाभरात सगळ्या शाळेने वाचलं. एकीने लिहिलं, शेम ऑन यू. एकीने लिहिलं, अशा आयांमुळे आमच्या खऱ्या तक्रारी कोणी ऐकत नाही. ते बरोबरच आहे. हिना माझ्याशी बोलत नाही. पण ती चार आयांना घेऊन मॅडमच्या केबिनबाहेर येऊन उभी राहिली, म्हणाली, "मैं तेरे लिए नहीं आई." सव्वाबारापर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मग मॅडमनी क्लार्कला बोलावलं. काल टाइप झालं, आज सकाळी सही आणि शिक्का.

दुपारी मी एकटीच मुर्ध्याला गेले. आज शाळेचा शेवटचा दिवस, पण हौसाबाईंनी यायचंच नाकारलं होतं. मॅडमनी शाल आणि नारळ आणून ठेवला होता, तो तसाच टेबलावर. भेटवस्तू आणू नका म्हणणाऱ्यांनी शाल आणली, बघ. हौसाबाईंनी निरोप पाठवला होता, "शाल जानाऱ्याला देतात, काडलेल्याला न्हाय."

मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते स्वप्नालीकडे दिलं आणि म्हणाल्या, "वाच." ती मनात वाचायला लागली. "मोठ्यान् वाच." ओट्याखाली सुकायला घातलेल्या बोंबलांपाशी शेजारणी होत्या, त्या दिवशीच्याच. एक म्हातारा जाळं सोडून जवळ आला. स्वप्नालीने वाचलं. हौसाबाई यांनी एकोणीस वर्षे प्रामाणिकपणे काम केले. त्यांच्याविरुद्ध आलेली तक्रार संपूर्णपणे खोटी असल्याचे तक्रारदाराने लेखी मान्य केले आहे. मग माझं नाव आलं, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. म्हातारा माझ्याकडे बघायला लागला.

"परत," हौसाबाई म्हणाल्या.

स्वप्नालीने पुन्हा वाचलं, या वेळी पलीकडच्या घरातही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. माझं नाव आलं तेव्हा मी मान वर ठेवली. हौसाबाईंनी कागदाची घडी केली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि आत नेऊन ठेवली. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले दिसत होते. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्या खाली बसल्या आणि बोंबील उलटे करायला लागल्या.

मी थोडा वेळ उभी राहिले आणि निघाले. चहा कुणी विचारला नाही, आत्या. विचारायला हवा होता असं मला एकदाही वाटलं नाही.

तुझी,
समिधा